भुकाईचं कंकण

घोणसगडाचा उगवतीकडचा कडा आधी तांबूस होतो, मग राखाडी. खालचं खोरं बराच वेळ धुक्यातच असतं.

खोऱ्यातल्या गोठ्यांत अजूनही एखादं वासरू मेलेलं सापडतं. मानेवर जखम एकच, अंगात रक्ताचा थेंब नाही. लोक म्हणतात, तहान्या येऊन गेला.

लढाईआधी गडाचा गुरव गडदेवी भुकाईसमोर शिपायाच्या मनगटाला दोऱ्याचं कंकण बांधायचा. ज्या हाताने बांधलं, त्याच हाताने ते सोडायचं. तोवर त्या माणसाला यमसुद्धा शिवत नाही, असं गडावर मानत.

भाला छातीतून पाठीकडे निघाला की माणूस आधी खोकतो.

तहान्या तेव्हा तहान्या नव्हता. तो महादरवाजाचा हवालदार रुद्राजी कडू होता. बादशाही वेढ्याचा एकेचाळिसावा दिवस उजाडत होता, आणि गडावरच्या तीनशे माणसांचा जीव त्याच्या दरवाजाच्या अडसरावर टेकला होता. त्या पहाटे चोरवाटेच्या तोंडाशी कुणीतरी वर चढतंय अशी चाहूल लागली, म्हणून तो दरवाजा सोडून तिकडे गेला. वर आला तो महिपत गुरव.

"कुठे गेला होतास?"

"फुलं तोडायला." महिपत हसला. "तोंड असं काय केलंस? सासरा आला का गडावर?"

"कमरेला काय आहे?"

"थैली. पुढचं विचारू नकोस."

"खाली गनिमाचा गोट आहे, महिपत. दुसरं काही नाही."

"गोटातूनच आलो. ज्याने धाडलं त्याच्यासमोर बेलभंडारा उचललाय, नाव घेतलं तर देवी जीभ ओढून काढील. पण गडाच्या भल्याचं आहे, एवढं त्याने मला शपथेवर सांगितलंय. उद्या वेढा उठला की तुझं कंकण सोडतो, मग जा गोजराकडे आणि पोराचं बारसं कर. सर आता, भूक लागलीय."

वेढ्यात फितुरीच्या नुसत्या संशयावरून रुद्राजीने दोघांना कड्यावरून लोटलं होतं. त्यांनीही शपथाच घेतल्या होत्या. त्याने कट्यार महिपतच्या बरगडीखाली घातली आणि फिरवली.

महिपत गुडघ्यांवर बसला. त्याची नजर स्वतःच्या पोटाकडे गेलीच नाही, ती रुद्राजीच्या मनगटावर होती. "अरे येड्या," तो म्हणाला, "तुझं कंकण..." पुढे तोंडातून रक्तच आलं.

रुद्राजीने थैली फोडली. मोडी अक्षरं एकेक करून जुळवली. पत्र किल्लेदार आनंदरावांच्या नावाचं होतं: आपली कलमं मंजूर, आज उगवतीस फौज महादरवाजाशी येते, दरवाजा उघडा असावा.

तो धावत सुटला.

अडसर निघाला होता. एक दार सताड उघडं, समोर मंदील बांधून आनंदराव उभे, आणि पायऱ्यांवरून भाले वर येत होते.

"हवालदार, बाजूस व्हावे," आनंदराव म्हणाले. "गड आम्ही दिला आहे. आपलीही तजवीज केली आहे."

"द्यायला तो आपला कधी होता, सरकार? आपण राखणदार. मीही राखणदार."

रुद्राजीने तलवारीने पहिल्या दोघांची डोकी उंबऱ्यातच उतरवली. तिसऱ्याचा भाला त्याच्या छातीत शिरून पाठीतून निघाला. तो खोकला. मग आपण पडायला हवं होतं आणि पडलो नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. अंगातलं सगळं रक्त दगडांवर ओतलं गेलं, आणि त्याच्या रिकाम्या जागी एकच गोष्ट भरली: तहान. एकेचाळीस दिवस गडावर माणशी दोन ओंजळी पाणी मिळत होतं. ती तहान त्याला ओळखीची होती. ही ती नव्हती.

सर्वांत जवळ गळा होता तो आनंदरावांचा. रुद्राजीने तो दातांनी फोडला आणि तो रक्त प्याला. आनंदरावांचे पाय थोडा वेळ हलले, मग थांबले.

त्यानंतर जे दार लोटायला आठ माणसं लागत ते त्याने एकट्याने, छातीत भाला तसाच असताना, लोटलं आणि अडसर घातला. आत अडकलेल्या अकरा गनिमांना त्याने एकेक करून धरलं. तटावरून शिपायांनी हर हर महादेवची आरोळी ठोकली. पाचव्या माणसाच्या वेळी आरोळी बंद झाली.

दुपारी तो चोरवाटेपाशी आला. कट्यारीने कंकण कापू पाहिलं. पातं बोथट झालं, दोरा तसाच. मग त्याने महिपतचा ताठरलेला हात उचलला, त्याची बोटं गाठीवर बसवली. "सोड ना रे," तो म्हणाला. बोट मोडल्याचा आवाज आला. त्याने दुसरं बसवलं.

तिसऱ्या दिवशी कुमक आली, वेढा उठला. कुमकेच्या सरदारांनी रुद्राजीला गळामिठी मारायला हात पसरले. त्यांच्या गळ्यावरची शीर उडताना पाहून तो मागे सरला आणि त्याने तटावरून खाली उडी टाकली. खाली प्रेत सापडलं नाही. गोजराने एकदा घराच्या कुंपणापलीकडे त्याला उभं पाहिलं. तान्ह्या पोराला घेऊन ती पुढे झाली, तशी त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं आणि तो रानात पळाला.

महिपतने रुद्राजीला गडावरच्या टाक्यात पोहायला शिकवलं, तेव्हा दोघंही सात वर्षांचे होते.