आलेखावरची सावली

दिवा जरा जवळ घ्या. तुमचे ओठ दिसले की मला बोलणं कळतं. हां, आता ठीक. आणि माझा डोळा लागतोय असं वाटलं तर सरळ हलवून उठवा, भीडभाड ठेवू नका.

वीस वर्षं मी इस्पितळाच्या तळघरात लोकांचे कान तपासले. काम सोपं. जाड भिंतींची, कपाटाएवढी एक खोली, तिला काचेची खिडकी. आत पेशंट, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. बाहेर मी आणि माझं यंत्र. मी सूर सोडायचा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, की माझ्यासमोर पिवळा दिवा लागतो. तोच सूर एका बारीक इअरफोनमधून माझ्याही कानात येतो, म्हणजे यंत्र चालू आहे की झोपलंय ते कळतं. मोठे डॉक्टर वरच्या मजल्यावर. खाली मी, जुन्या फायलींचा कुबट वास आणि कुरकुरणारा पंखा.

त्या दुपारी मी माझ्या आईलाच घेऊन गेले होते.

तीन महिन्यांपूर्वी तिला मेंदूज्वर झाला आणि तापाबरोबर दोन्ही कान गेले. ठार बहिरी झाली. बहिरेपण तिने पचवलं असतं. "बरंय, शेजारणीची रड ऐकावी लागत नाही," म्हणून हसलीसुद्धा. पण कान गेले आणि शिट्टी आली. अष्टौप्रहर, डोक्याच्या मधोमध, एकाच सुरात. मी पाटीवर लिहून तिला समजावलं. आवाजाने कानाचा पडदा हलतो, त्यामागची तीन इवलीशी हाडं हलतात, मग शंखासारख्या नळीतलं पाणी हलतं. त्या पाण्यात केसांसारख्या पेशी उभ्या असतात, त्या मेंदूकडे निरोप धाडतात. तुझे ते केस तापात मेले. निरोप येईना म्हणून मेंदूने आपलं बटण पिळून आवाज वाढवून ठेवलाय. स्टेशन लागलं नाही की रेडिओ खरखरतो ना, तशी ही शिट्टी. बाहेर काही वाजत नाहीये.

आईने वाचलं, पाटी पुसली. "मेंदूला सांग," ती म्हणाली, "मेलेल्यांची वाट बघू नये."

मग एका सकाळी तिच्या घरी, तिच्या उशीखाली मला झोपेच्या गोळ्या सापडल्या. एकेक करून साठवलेल्या. मी गुपचूप उचलून आणल्या, पण औषधांची दुकानं काय ओस पडली होती? माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर ती तयार होईना. मी दोन गल्ल्या पलीकडे एकटी. मला आईखेरीज कुणी नाही हो. रोज तिच्या दाराशी गेले की आधी कान लावून आतली चाहूल घ्यायची, मगच दार ढकलायचं.

त्या दुपारची तपासणी नावापुरती होती. कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनच्या अर्जाला, किती ऐकू येतं त्याचा ताजा आलेख लागतो म्हणून. आई काचेकडे पाठ करून बसली. मी तिच्या कानात सूर सोडला, मोठ्यात मोठा.

दिवा लागला.

आवाज कमी केला. दिवा. आणखी कमी केला. दिवा. पान हलावं इतका बारीक केला... तरी दिवा लागलाच.

आमच्या कामात याला सावली म्हणतात. मेलेल्या कानात मोठा सूर सोडला की तो कवटीतून पलीकडे झिरपतो. ऐकतो चांगला कान, आणि आलेख निघतो मेलेल्याचा. नवशिके हमखास फसतात. उपाय एकच. चांगल्या कानात मुद्दाम फुसफुस आवाज सोडायचा, त्याला गुंतवून ठेवायचं. दिवा विझला की समजायचं, मदत कोण करत होतं ते.

पण आईला चांगला कान होताच कुठे?

मी आत गेले. तिचे डोळे पाण्याने भरले होते. "येतंय गं ऐकू... लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं. आणि ती शिट्टी... थांबली." तिने माझा हात धरला, तो सोडेना.

खरं तर आनंदाने नाचायला हवं होतं. पण मेलेले केस पुन्हा उगवत नाहीत, हे मला माहीत होतं. बाहेर येऊन मी तिच्या हेडफोनची वायर यंत्रातून काढली आणि सूर सोडला. आता तो फक्त माझ्या इअरफोनमध्ये वाजत होता.

दिवा लागला.

मग मी आलेख नीट पाहिला. खालचे सूर सपाट, वर एका ठिकाणी खोल खड्डा, पुढे थोडा चढ. आलेख म्हणजे माणसाचं हस्ताक्षर. हे हस्ताक्षर मी दर वर्षी माझ्या स्वतःच्या फायलीत लावत आले होते.

एक गोष्ट करून पाहायची राहिली होती. यंत्राची फुसफुस मी माझ्याच दोन्ही कानांत सोडली. सूर चालू ठेवला. पिवळा दिवा विझला तो विझलाच, आणि काचेपलीकडे आई दोन्ही हातांनी कान दाबून मागेपुढे झुलू लागली. मी ओरबाडून सगळं काढून टाकलं.

कुणाला सांगणार? डॉक्टरांनी मलाच वेडी ठरवून वरच्या मजल्यावर भरती केलं असतं. तिला जसं ऐकू येऊ लागलं, तसं माझं जाऊ लागलं. आधी पंख्याची कुरकुर गेली, मग चिमण्या, मग फोन. एकदा मी हट्टाने रात्रभर कानात फुसफुस लावून झोपले. सकाळी तिच्याकडे गेले तर आई भिंतीला टेकून बसलेली, डोळे सुजलेले. "परत आली गं शिट्टी. आता नाही सोसवत." त्यानंतर मी तो नाद सोडला. आईच्या जिवापुढे कान काय घेऊन बसायचं! तिने घ्यावं हवं तेवढं.

महिन्याभरात ती पूर्वीसारखी झाली. एका सकाळी मी गेले तर दार नुसतं लोटलेलं. ढकलून आत गेले. आई ताट पुढ्यात घेऊन शेंगा सोलत बसली होती. मीही बसले, दोघींनी मिळून अर्ध्या सोलल्या. मी तिच्या ओठांकडे बघत होते.

"एक विचारू का गं?" ती म्हणाली. "तू झोपलीस की तुझ्या उशाशी कोण बोलत बसतं?"

"कुणी नाही, आई. मी एकटीच असते."

"मला येतं ना ऐकू. फार हळू बोलतं बिचारं... शब्द लागत नाहीत. पण तू उत्तरं देतेस."

"मी... काय म्हणते?"

"आधी नुसतं हो, हो. परवा मात्र माझं घर सांगत होतीस. कोपऱ्यावरून डावीकडे, दुसरा जिना, निळं दार." तिने एक शेंग मोडली. "म्हणून मी हल्ली कडी लावत नाही. तुझ्या ओळखीचं माणूस, बाहेर कशाला ताटकळत ठेवायचं?"

मी उठले आणि कडी लावायला दाराकडे गेले. दाराला आतून कडी घातलेली होती. मी आल्यापासून आम्हा दोघींपैकी कुणीही जागची उठली नव्हती.