प्रदर्शनात राहिलेले हात

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे खोटं आहे असं म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या घरी यावं आणि कपाटावरच्या त्या वस्तूला हात लावावा. मग बोलू.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. मागच्या मे महिन्यातल्या भर दुपारची आहे. मे महिन्यात दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, हे इथल्यांना सांगायला नको.

मी प्रतिक्षा. अशोक चौकाजवळ डिझाइनच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पोस्टर, जे येईल ते. माझी आई पारूबाई लहानपणापासून विड्या वळते. तिचे हात रिकामे मी कधी पाहिलेच नाहीत. टीव्ही बघताना, शेजारणीशी भांडताना, मांडीवर सूप आणि सुपात तंबाखू असायचीच.

आमच्या गल्लीतला सिद्धांत बडोद्याहून शिल्पकला शिकून आला होता. त्यानं विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातांवर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. भिंतीवर त्यांच्या हातांची फिल्म, टेबलांवर प्लास्टरचे हात आणि बाहेर मोठी पोस्टर. पोस्टर मी केली. हातांचा साचा द्यायला आईलाही मीच तयार केलं.

साचा घेताना बाकीच्या बायकांनी रिकामे हात दिले. आईला ते जमेना. बोटं हलतच राहायची. शेवटी सिद्धांत म्हणाला, "काकू, विडी वळता वळताच हात बुडवा."

"थांब की रं, एवडी बांदून घेते. अर्दी विडी टाकून उटत न्हाईत."

"मला अर्धीच पाहिजे, काकू."

बादलीतल्या गार लगद्यात आईनं हात घातले. लगदा घट्ट झाल्यावर तिनं हळूहळू हात बाहेर काढले...

विडी आतच राहिली.

सिद्धांतनं त्या पोकळीत प्लास्टर ओतलं.

त्याच दिवशी आईच्या हातांना मुंग्या आल्या. आम्ही हसण्यावारी नेलं. प्रदर्शन उघडलं आणि तिच्या हातून चहाचा कप पडला. मग कात्री धरता येईना. मग पदरही सावरता येईना. हात गार पडले, चुना फासल्यासारखे पांढरे झाले. डॉक्टरांनी नसा तपासल्या. रिपोर्ट एकदम चांगले.

मी तिला घास भरवायला लागले. ज्या हातांनी मला शिकवलं, ते मांडीवर नुसते पडलेले असायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेजारच्या बजाबाई मावशीनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या...

ठसकाच आला नाही.

मावशी निखारे तसेच टाकून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "माजे हात हितं न्हाईत गं. तिकडं लई काम चाललंय त्यांचं."

मी तशीच उठून प्रदर्शनाच्या हॉलवर गेले. दुपारी हॉल बंद ठेवायचे. राखणदार शिवशरणमामा बाहेर लिंबाखाली बसले होते.

"मामा, एवढ्या उन्हात बाहेर का बसलाय?"

"दुपारचं आत बसत न्हाई मी. कात्री चालती."

"फिल्मचा आवाज असेल."

"फिल्मला आवाजच न्हाई की, पोरी. आन् आता तर लाईट बी गेलीया."

त्यांनी किल्ली दिली. सोबत मात्र आले नाहीत.

आत अंधार होता. सगळ्या खिडक्यांना काळे पडदे. मी दोन पावलं टाकली आणि...

कच्... कच्... कच्...

कात्रीनं विडीचं पान कापण्याचा आवाज. तो ऐकतच मी लहानाची मोठी झालेय, मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

"आई?" मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

आवाज थांबला.

मी मोबाइलचा उजेड टेबलांवर फिरवला. बाकीच्या हातांखाली प्लास्टरची पांढरी पूड होती. आईच्या हातांखाली...

तंबाखू होती. ताजी, ओलसर.

तेवढ्यात लाईट आली. प्रोजेक्टर आपोआप सुरू झाला. भिंतीवर एकेका बाईचे हात येऊन गेले. मग आईचं हिरवं लुगडं दिसलं. मांडी दिसली. सूप दिसलं.

हात नव्हते.

हीच फिल्म मी आधी कितीदा पाहिली होती. मी मागे सरले ती टेबलाला अडखळले. तोल सावरायला मी टेबलावरचा प्लास्टरचा हात धरला...

तो ऊन होता. तापलेल्या माणसाचा असतो तसा.

मी दचकले, पण सोडला नाही. आईचा हात कसा सोडणार? आणि फोन वाजला. बजाबाई मावशी होती.

"पोरी, कुटं हायस तू? तुजी आई रडायलीय. म्हनती, कुनीतरी माजा हात धरलाय."

मी ते हात ओढणीत गुंडाळले आणि घरी आणले. दिवेलागणीला आईच्या बोटांत रंग आला. तिनं पहिलं काम काय केलं असेल? प्लास्टरच्या बोटांतल्या त्या विडीला दोरा बांधला. आम्हाला वाटलं, सुटलो.

सिद्धांत तणतणत आला. प्रदर्शन दिल्लीला जायचं होतं. "ते माझं काम आहे, प्रतिक्षा. असं उचलून आणतात का?"

"हात लाव," मी म्हटलं.

त्यानं लावला. लगेच मागे घेतला. चहासुद्धा न घेता गेला, पुन्हा कधी त्या हातांचं नाव काढलं नाही.

आई आता ठणठणीत आहे. दिवसभर विड्या वळते, मला टोमणे मारते. पण प्लास्टरचे हात गार झालेच नाहीत. फोडायची हिंमत नाही, कुणाला द्यायचीही नाही. पुण्यातली चालून आलेली चांगली नोकरी मी त्यापायी नाकारली. सकाळी उठल्यावर मी आधी आईकडे बघत नाही. आधी कपाटावरचे हात चाचपते. ते ऊन असले की आई ठीक, असं मनाशी धरलंय.

आज सकाळी डावा हात गार लागला.

खाली आई कात्री चालवत होती, काहीतरी गुणगुणत होती. मी तिला अजून सांगितलेलं नाही.