टेकाडाची पूर्वेची बाजू

त्याने ठोकलेली खुंटी मी उपटून फेकली, तीच आमची पहिली भेट.

खाणीतलं तांबं काढून उरलेला भुगा वर्षानुवर्षं ओतत राहिले, त्याचं आमच्या घरामागे टेकाड झालं. मी शाळेत असताना एका पावसात त्याची पूर्वेची बाजू घसरली आणि खाणीच्या पंपावर कामाला असलेले माझे बाबा तिच्याखाली गेले. कंपनीने थोडे दिवस शोधलं, मग हात वर केले. पुढे खाणही बंद पडली. तेव्हापासून ती बाजू मी आमच्या घरचीच धरून चालले होते. आणि हा परका माणूस तिथे लाल फडक्याची खुंटी ठोकत होता!

“इथे नाही!” मी ओरडले. “बाकीचं अख्खं टेकाड पडलंय, तिकडे काय ते खुपसा.”

“अहो, पण नकाशात—”

“नकाशा गेला खड्ड्यात. इथे माझे बाबा आहेत.”

त्याने टोपी काढली. खुंटी उचलून पिशवीत ठेवली आणि मुकाट्याने उतरून गेला. मी कंबर कसून भांडायला आले होते... फार राग आला मला.

जुन्या भुग्यात किती तांबं उरलंय, ते काढणं परवडेल का, हे बघायला तो आला होता. त्याला शेडमध्ये हाताखाली माणूस हवं होतं. आईच म्हणाली, “जा. काय करतात ते डोळ्यांसमोर तरी राहील.”

ड्रिलने वर काढलेला भुगा मी वाळवायचे, चाळायचे, ढीग करून चपटा करायचे. त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले दोन टाकायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, तपासणीपुरता मूठभर उरेपर्यंत. मला टाकणंच जमेना. त्यात काय मिसळलंय कोण जाणे... म्हणून संध्याकाळी बादली भरून, तो भुगा ज्या भोकातून आला तिथेच परत ओतून यायचे.

एकदा बादली अचानक हलकी झाली. दुसऱ्या बाजूने त्याने कडी धरली होती.

“हे कामात धरलेलं नाही बरं का,” तो म्हणाला.

“मग तुम्ही कशाला आलात?”

“अर्धी कडी रिकामी दिसली.”

“अगंबाई, खुंटीवाल्यांना बोलता येतं तर!”

“समोर कोण आहे त्यावर असतं.”

माझे कान तापले. मग रोजच बादली दोघांची झाली. कडी लहान, त्यामुळे बोटाला बोट लागायचं, आणि दोघांपैकी कुणीच हात बदलायचं नाव काढत नसे. मला संध्याकाळची वाट बघायची सवय लागली.

काम संपत आलं. शेडमधल्या नकाशावर भोकं पाडलेल्या जागांचे ठिपके सगळीकडे रंगले होते, पूर्वेची बाजू मात्र कोरी.

“तिथे खडक लागला, भोक पाडता आलं नाही, असं वर कळवीन,” तो म्हणाला.

“खोटंच?”

“हो. मग काम नामंजूर होईल बहुतेक, जास्त तांबं त्याच बाजूला असणार. टेकाड आहे तसं राहील. आणि मी... जाईन दुसरीकडे.”

मला हवं होतं तेच मिळत होतं. तरी घरापर्यंत मी रडत गेले.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून तिचे हात थांबले.

“मंजूर झालं तर काय करतील टेकाडाचं?”

“सगळं उचलतील. थर काढत काढत, धुऊन घेतील.”

“अगदी खालपर्यंत?”

“हो.”

“मग ते सापडतील,” आई म्हणाली. “तुला ते टेकाड त्यांचं घर वाटतं. मला ते रोज त्यांच्या अंगावर पडलेलं दिसतं गं.”

बाबा गेल्यापासून आईने टेकाडावर पाऊल ठेवलं नव्हतं. सकाळी माझा खांदा धरून ती चढली. तो ड्रिल आवरत होता.

“खुंटी कुठाय ती?” आईने विचारलं.

ती अजून त्याच्या पिशवीतच होती.

“काम होईलच असं नाही, काकू.”

“होतं की नाही ते कळायला तरी ठोका.”

त्याने पिशवीतून खुंटी काढली. “झालं, तर या बाजूला यंत्र लावू देणार नाही. हाताने काढू. मी स्वतः इथे उभा राहीन.”

“आणि नाही झालं तर?” मी विचारलं.

“तरी मी येईन... तुझ्यासाठी.”

आईने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. “माझे गुडघे दुखतायत, मी खाली बसते,” म्हणत ती एकटीच उतरायला लागली.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “त्या बादलीच्याही आधीपासून. मी खुंटीचा मार खाता खाता वाचलो ना, तेव्हापासून.”

“मलाही... पण बाबांना विचारावं लागेल हं,” मी चेष्टेने म्हणायला गेले आणि मला हुंदका फुटला.

त्याने माझे डोळे पुसले. त्याच्या बोटांना भुगा होता, माझ्या गालांना लागला.

“विचारेन ना,” तो म्हणाला. “आधी त्यांना वर तर आणू.”

मी खुंटी त्याच जागी उभी धरली, आणि त्याने हातोडा उचलला.