दादा सांगेल तसं

त्या दिवशी ती स्टुडिओत गेली ती निव्वळ पोशाखाचं माप द्यायला. आधीचा रेशमी पोशाख पोशाखांच्या चाचणीतच बाद झाला होता. दिसायला देखणा, पण तिनं नुसता हात हलवला की तो सळसळे, आणि ती सळसळ मायक्रोफोनात शिरून पत्र्यावर खडे पडल्यासारखी ऐकू येई. बोलपटांचे नखरे हे असे! इतकी वर्षं ती मूकपटांची राणी होती, पण तिच्या कपड्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. तिचाही नव्हता.

"यंदा मऊ सुती कापड, बाई," शिंपी टेप गुंडाळत म्हणाला. "दागिने नाहीत, टाचांचे बूट नाहीत. श्वाससुद्धा जपून घ्यायचा म्हणतात."

"मग जगायचं कसं हो?" ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

हसली खरी, पण धास्ती मनात होतीच. लोकांना जी गोष्ट ठाऊक नव्हती, ती तिला पक्की ठाऊक होती. तिला अभिनय येत नव्हता.

मूकपटात कॅमेरा फिरत असताना दिग्दर्शक शेजारी उभा राहून तोंडानं अखंड बोलत असे. आवाज थोडाच कुठे उमटणार होता! आणि तिचा दिग्दर्शक म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. "मान वर कर... अजून... आता दाराकडे बघ... श्वास सोड... रड." की ती रडे. पडद्यावर पाहणारे हळहळत, काय जीव ओतते ही! जीव कसला ओततेय, ती लहानपणापासून दादाचं ऐकत आली होती, तशीच ऐकत होती. एकदा आगीच्या प्रसंगात तो म्हणाला, "थांब, हलू नकोस." बाहीनं पेट घेतला तरी ती हलली नाही. मग तिचा भाजलेला हात मांडीवर घेऊन दादा ढसाढसा रडला. "हलली का नाहीस गं, वेडे?" रडला अगदी मनापासून, आणि तेच दृश्य त्यानं जाहिरातीवरही छापलं. असा होता दादा.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियानं तो गेला. मागे वहिनी आणि त्यांची छोटी मुलगी चिमी राहिली, दोघी तिच्याजवळच होत्या. पाठोपाठ बोलपट आले. स्टुडिओच्या मालकांनी तिला स्पष्ट सांगितलं, "बाई, चेहऱ्याचा प्रश्नच नाही. पण एक प्रसंग बोलून दाखवा. जमलं तर चित्र तुमचं. नाहीतर नाटकातली ती नवी मुलगी तयारच आहे."

चित्रणाच्या दिवशी स्टुडिओ तिला ओळखूच येईना. भिंतींवर घोंगड्या टांगलेल्या, पंखे बंद, दारांना आतून कड्या. कॅमेरा लाकडी खोक्यात कोंडलेला, कारण त्याच्या घरघरीचीही आता अडचण होत होती. तापलेल्या लोकरीचा वास घशाशी येत होता. मायक्रोफोन पाळण्याशेजारच्या फुलदाणीत लपवला होता. नवा दिग्दर्शक, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणत, तो ओठ घट्ट मिटून बसला होता. लाल दिवा लागला. सगळं चिडीचूप झालं.

रिकाम्या पाळण्यापाशी येऊन आईनं दोन वाक्यं बोलायची, एवढंच होतं. पण तिचे हातपाय लाकडाचे झाले. पुढे काय करायचं? कुणी सांगेना...

मग लवंगेचा वास आला. दादाच्या तोंडात कायम लवंग असे.

"मान वर कर..."

डाव्या खांद्यामागून, अगदी जवळून. तिनं मान वर केली.

"पाळण्याला हात लाव. हळू... आता बोल... आता रड."

ती बोलली, रडली. दिवेवाल्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. चष्मेवाल्यानं हातानं थांबण्याची खूण केली आणि तो टाळी वाजवणार, एवढ्यात काचेच्या खोलीतून ध्वनिमुद्रक तावातावानं बाहेर आला.

"मधे कोण बोलत होतं?"

"कुणीच नाही," चष्मेवाला म्हणाला.

"पुरुषाचा आवाज होता, साहेब. मी काय बहिरा आहे?"

दुसऱ्या खेपेला चष्मेवाल्यानं स्वतःच्या तोंडात रुमाल कोंबला. तरी तेच. ध्वनिमुद्रकानं मग मेणाची तबकडी लावली आणि कानाला लावायचं यंत्र तिच्या हाती दिलं. तिनं ऐकलं. तिच्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तो होता, शांत, समजावणीच्या सुरात. *आता रड.*

तिनं यंत्र खाली ठेवलं. आवाज कुणाचा, हे ती बोलली नाही. मालक म्हणाले, "उद्या दुपारी शेवटचं बघू."

घरी चिमीनं तिला दारातच गाठलं. "आत्या, आज खरं रडलीस की बाबा सांगायचे तसं?"

"गप गं, चोंबडी!" म्हणून तिनं चिमीला उचललं, पण रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दादा आला म्हणून आनंद व्हावा, तर त्याच्यामुळेच सगळं हातचं जाणार होतं. तो बोलला की ती बुडणार आणि गप्प बसला की उघडी पडणार.

दुसऱ्या दिवशी रंगपटाच्या खोलीत ती एकटीच आरशासमोर बसली. तोंडाला रंग लावून झाला होता. तोच वास आला.

"दादा... आहेस ना रे?"

मागच्या खुर्चीचा वेत कुणी टेकल्यासारखा करकरला.

"आज बोलू नकोस. तुझ्या पाया पडते. मला माझं करू दे." मग इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. "आजच नाही. यापुढे मला काही सांगूच नकोस. कधीच."

मग तिच्या कानाशी, दुखावलेल्या माणसासारखं, अगदी हळू आलं.

"मग मी... सांगू कुणाला?"

ती उठली आणि मागे न बघता चित्रणाला गेली.

लाल दिवा लागला. खांद्यामागे कुणी नव्हतं. ती पाळण्यापाशी आली आणि तिला एकदम जाणवलं की दादा आता खरंच गेला, मी घालवला. तिला रडू आलं. कुणी न सांगता आलेलं तिचं ते पहिलं रडू. ती बोलली ती घोगऱ्या, फुटक्या आवाजात, पण काचेमागे ध्वनिमुद्रक खुर्चीतून उठून उभा राहिला. तबकडी स्वच्छ निघाली. मालकांनी तिचे हात हातात घेतले. "बाई, चित्र तुमचं!"

गाडीतून घरी येताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. केव्हा एकदा सगळ्यांना सांगते असं तिला झालं होतं.

अजून चांगलं ऊन होतं. वहिनी भांडी पुसत होत्या.

"चिमी कुठे, वहिनी?"

"गच्चीवर. दुपारपासून एकटीच खेळतेय. काय आज शहाणपण आलंय, वन्सं! हूं की चूं नाही. बापासारखी खोडकर, आणि आज बघा."

दुपारपासून. तिचं हसू मावळलं. ती जिना धावतच चढली.

चिमी गच्चीच्या कठड्यावर उभी होती. दोन्ही हात पसरलेले, नजर समोर. खाली फरसबंद अंगण होतं. चिमीनं मान वर केली. अजून थोडी वर केली. श्वास सोडला. मग सावकाश डावीकडे तोंड वळवलं, आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

आत्यानं कान टवकारले. वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

"चिमे... बाळा... खाली उतर."

चिमीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. कपाळाला आठी घालून ती कुजबुजली, "आत्या, मधे बोलू नकोस ना. बाबांचं ऐकू येत नाही मग."

धावावं तर पोर दचकेल. हाक मारावी तर... आत्या होती तिथेच गुडघ्यांवर बसली.

"दादा," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "मला सांग. मी करते, तू म्हणशील ते करते. तिला नको रे... मला सांग."

तिला काही ऐकू आलं नाही. चिमीनं मात्र समजल्यासारखी मान हलवली, एक पाय उचलला, आणि तो कुठे ठेवायचा हे ऐकायला ती तशीच थांबून राहिली.