नवव्या लेनमधला ठोका

शर्यत सुरू करणाऱ्या पंचाच्या हातात एके काळी पिस्तूल असायचं, हे आता शाळकरी मुलांना समजावून सांगावं लागत असे. राष्ट्रीय स्पर्धेच्या त्या दुपारी पंचाच्या हातात होती एक छोटीशी काळी कळ. ती दाबली की आवाज होत नसे. धावपटू ज्या पट्टीवर बोटं टेकवून ओणवे बसत, त्या पट्टीतून सगळ्यांच्या बोटांच्या टोकांना एकाच क्षणी बारीकसा धक्का बसे. यंत्राचं अधिकृत नाव लांबलचक होतं. धावपटू त्याला नुसतं 'ठोका' म्हणत.

जपानमधल्या बहिऱ्या धावपटूंनी सगळ्या शर्यतींच्या सुरुवातीच्या खुणेसाठी एक साधा दिवा मागितला होता. वर्षानुवर्षं मागितला. तेव्हा या स्पर्धा भरवणारा महासंघ म्हणे, अव्यवहार्य आहे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बोटाला लागलेला धक्का मेंदूपर्यंत फार चटकन पोचतो आणि त्याने ऐकणाऱ्यांच्याही वेळा सुधारतात. त्यानंतर दोन वर्षांत प्रत्येक मैदानावर ठोका बसला आणि महासंघाचे अध्यक्ष समानतेवर भाषणं देत फिरू लागले.

चिहारु मुराकोशी जन्मतः बहिरी होती. वय चोवीस. कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धेतली दोन सुवर्णपदकं तिच्या नावावर होती. आज मात्र तिला हवी होती ती शंभर मीटरच्या राष्ट्रीय अंतिम फेरीतली जागा. त्यात जी पहिली येणार, ती जागतिक स्पर्धेला जाणार होती. मग ती ऐकणारी असो वा नसो. आजवर कुणी बहिरी बाई तिथवर पोचली नव्हती.

उपांत्य फेरीत ती पाचव्या लेनमध्ये बसली. बोटं पट्टीवर, नजर खाली. ठोका बसला आणि ती सुटली.

असं धावणं आयुष्यात एखाद्याच दिवशी जमतं. पन्नास मीटरला शेजारी कुणी नव्हतं, ऐंशीलाही नव्हतं. रेषा ओलांडून तिने दोन्ही हात वर केले आणि घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ कोरं होतं. तिने मागे वळून पाहिलं. बाकीच्या सात जणी शंभर मीटर मागे, सुरुवातीच्या रेषेजवळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि प्रेक्षकांमधली काही माणसं हसत होती.

चौथ्या लेनमधली सेना इवाबुची तिच्याकडे धावत आली. सेना ऐकणारी, चिहारुहून दोन वर्षांनी मोठी आणि गेल्या वर्षीची विजेती. तीन हिवाळे दोघी एकत्र सराव करत होत्या आणि त्या तीन हिवाळ्यांत सेना खुणांची भाषा शिकली होती.

"शिट्टी झाली," सेनाच्या हातांनी सांगितलं. "तू लवकर सुटलीस म्हणतात. बाद."

सुरुवात बोटांना कळावी म्हणून एवढं मोठं विज्ञान उभं राहिलं होतं. पण शर्यत थांबवायची, तर शिट्टी! बोटं पट्टीवरून उचलल्यावर बहिऱ्या माणसाला कसं कळणार, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नव्हता. साऱ्या देशासमोर ती एकटीच वेड्यासारखी धावून आली होती. चिहारुच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शर्यत तिच्याविना पुन्हा झाली. सेना पहिली आली आणि अंगावरचा घाम न पुसता चिहारुबरोबर प्रेक्षागाराखालच्या पंचकक्षात गेली. तक्रारीला अर्ध्या तासाची मुदत होती.

मुख्य पंच शिराकुरा टेबलामागे बसले होते. शेजारी ठोक्याचे निर्माते, अभियंते कुनिएदा. शिराकुरांनी पहिलं वाक्य उच्चारलं आणि ते भाषांतर करताना सेनाचे हात अडखळले.

"ते म्हणताहेत, तू मैदानाला वंदन न करता बाहेर आलीस."

मैदानात शिरताना आणि मैदान सोडताना धावपटूने वाकून वंदन करायचं, हा रिवाज चिहारुने सहा वर्षांची असल्यापासून पाळला होता. शर्यत हरल्यावर पाळला होता, पाय मोडल्यावर स्ट्रेचरवरूनही पाळला होता.

"मैदान सोडताना वाकायचं असतं," तिने उत्तर दिलं. "मी अजून सोडलेलं नाही."

शिराकुरांनी कागद पुढे सरकवला. ठोका बसल्यापासून पायांमागच्या ठोकळ्यांवर रेटा येईपर्यंत चिहारुला लागले होते सेकंदाचे एकोणनव्वद सहस्रांश. मर्यादा होती शंभर. त्याहून लवकर कुणी हललं, तर त्याने ठोक्याची वाट पाहिली नाही, अंदाजाने उडी मारली, असं यंत्र धरून चालत असे.

"माणूस इतक्या लवकर हलूच शकत नाही," शिराकुरा म्हणाले. "हे आम्ही नव्हे, विज्ञान सांगतं."

"कुठल्या माणसांना मोजलंत?"

कुनिएदांनी अहवाल उघडला. चाळीस ऐकणारे धावपटू आणि, ते थोड्या अभिमानाने म्हणाले, एक कर्णबधिर. क्रमांक एकेचाळीस. तिच्या वेळा तर सगळ्यांत संथ होत्या. सरासरी एकशे एकाहत्तर. म्हणूनच खात्री पटली की शंभरची मर्यादा कुणावरही अन्याय करणार नाही.

चिहारु त्या आकड्याकडे बघत राहिली. क्रमांक एकेचाळीस तीच होती.

चार वर्षांपूर्वीची ती प्रयोगशाळा तिला लख्ख आठवली. पांढरी खोली, नवी पट्टी, आणि प्रत्येक ठोक्यानंतर शेजारी वळलेली तिची मान. पहिलीत असताना शाळेच्या क्रीडादिनी बाईंनी तिला शिकवलं होतं, की शेजारच्या मुलीकडे बघ, ती धावली की तू धाव, म्हणजे चूक होणार नाही. चूक झाली की सगळा वर्ग खोळंबे आणि मग तिलाच सगळ्यांची माफी मागावी लागे. म्हणून ती बघायची. ऐकणाऱ्यांच्या शाळेत शिकलेलं प्रत्येक बहिरं मूल असंच बघतं. प्रयोगशाळेतही ठोका बसला की आधी तिची नजर शेजारी जाई आणि मगच पाय सुटत. शेजारी कुणी नव्हतंच. एक रिकामी खुर्ची होती, आणि चिहारु बिनदिक्कत त्या खुर्चीची परवानगी घेत होती! कुनिएदांनी दोन्ही हातांनी भेटवस्तू देऊन आभार मानले होते आणि तीही वाकली होती. आपण थांबत होतो हे सांगायचं तिला सुचलंच नव्हतं, कारण थांबणं तिला थांबणं वाटतच नव्हतं.

ती सवय मोडली सेनाने. तीन हिवाळे तिने चिहारुच्या डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठे बांधले, तिचे हात पाठीमागे धरून बोटांवर टिचक्या मारल्या, मान वळली की ओरडली. म्हणजे हातांनी ओरडली. चिहारु कितीदा तरी रडली होती, आणि आता शेजारी न बघता धावली, तर ही माणसं म्हणत होती की असा माणूसच नसतो.

तिला स्वतःचाही राग आला, त्या वाकण्याचा, त्या भेटवस्तूचा. मग तिने तो राग जिथे ठेवायला हवा तिथे ठेवला.

"आत्ता मोजा," ती म्हणाली.

बाहेरच्या बोगद्यात सरावाचा एक संच मांडलेला होता. चिहारु ओणवी बसली. कुनिएदा कळ घेऊन तिच्या पाठीमागे उभे राहिले. बारा वेळा ती सुटली. एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी. शंभरला एकदाही पोचली नाही. कुनिएदांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"मध्ये चार वेळा मी ठोका दिलाच नाही, नुसतं थांबवून ठेवलं," ते हळूच शिराकुरांना म्हणाले. "ती हलली नाही. म्हणजे हा अंदाज नाही. मर्यादा चुकली आहे. आमचीच चूक आहे."

शिराकुरांनी कानांवर हात ठेवले. मर्यादा समिती ठरवते, समिती पुढच्या वर्षी बसेल, आज त्यांच्या हातात काहीच नव्हतं. जाता जाता मात्र त्यांनी समजूत घातली. "एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासाठी कर्णबधिरांची स्पर्धा आहेच की."

सेनाने हे भाषांतर करायला नकार दिला. पण चिहारुने ओठ वाचले होते.

"त्यांना सांग," तिचे हात इतक्या जोराने हलले की सेना एक पाऊल मागे सरली, "ते माझं घर आहे. तिथे मी माझ्या भाषेत भांडते, हसते, जिंकते. यांना नको झालेली माणसं टाकायची ती अडगळीची खोली नाही."

सेनाने शब्दन् शब्द सांगितला. शिराकुरा घड्याळाकडे बघत निघून गेले.

अंतिम फेरी पाऊण तासावर होती. "मी नाव मागे घेते," सेना म्हणाली.

"खबरदार. तू नाही धावलीस तर यांचं काय बिघडणार आहे? धाव."

चिहारु कुंपणाशी, सुरुवातीच्या रेषेजवळ जाऊन बसली. बूट तिने काढले नव्हते. आठ जणी बसल्या. नववी लेन रिकामी होती. पंचाचा अंगठा हलला, आठ जणी सुटल्या, आणि दहा पावलांवर सगळ्या अचानक थांबल्या. चिहारुला कळलं, शिट्टी झाली असणार.

फलकावर आकडा आला. चौथी लेन, इवाबुची. सत्त्याण्णव सहस्रांश.

पुठ्ठे बांधायला आणि टिचक्या मारायला सेनाच असायची ना! पाळी बदलली की चिहारु सेनाच्या बोटांवर टिचक्या मारायची. तीन हिवाळ्यांचा सराव दोघींच्याही अंगात मुरला होता.

पंच गोळा झाले. शिराकुरा हातवारे करत होते, कुनिएदा ठाम मान हलवत होते. पाच मिनिटं गेली. मग फलकावर मोठ्या अक्षरांत मजकूर आला: 'यंत्रदोष. कुणीही बाद नाही. शर्यत पुन्हा होईल.'

चिहारुने तो दोनदा वाचला. ऐकणारी बाई लवकर सुटली, तर यंत्र चुकलं. बहिरी सुटली, तर बाई चुकली. इतकं साधं होतं ते. तिला हसू आलं, आणि हसता हसता तिच्या दाढा एकमेकींवर घट्ट आवळल्या गेल्या.

सेना रेषेवर परत गेली नाही. ती कुंपणाकडे वळली आणि साऱ्या मैदानाला दिसेल असा हात वर करून तिने एकच खूण केली. ये.

चिहारुने कुंपणावरून उडी मारली. मैदानात शिरताना ती वाकली नाही. ती बाहेर गेलीच कुठे होती? कुणी तरी तिचा दंड धरायला पुढे आलं, पण सेना मध्ये उभी राहिली. चिहारु नवव्या लेनमध्ये गेली. तिथेही पट्टी होती, कारण ठोका नऊही लेनना जोडलेला असे. तिने गुडघा टेकला आणि बोटं मांडली. चौथ्या लेनमध्ये सेनाही बसली. क्षणभर थांबून तिसरीतली बसली, मग सातवीतली, मग उरलेल्या.

शिराकुरा तोंड उघडून काहीतरी ओरडत होते. आठही जणी मान वळवून नवव्या लेनकडे बघत होत्या. शेजारणीकडे बघून धावण्याची वेळ आज त्यांच्यावर आली होती. चिहारुची नजर खाली होती, बोटांपाशी, आणि ती कुणाकडेही बघणार नव्हती.

शर्यत सुरू करणारा पंच कळ हातात धरून तसाच उभा राहिला. त्याने शिराकुरांकडे पाहिलं, मग कुनिएदांकडे, मग त्या नऊ वाकलेल्या पाठींकडे. त्याचा अंगठा कळीवर होता. आता तो नेमकी कुणाची वाट बघत होता?