उड्डाणाआधीचं अर्धं मिनिट

"जरा सरकता का?" म्हणत तो आमच्या विमानातल्या क्रूच्या गाडीत चढला आणि त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेने माझ्या कडक इस्त्रीच्या बाहीची पार वाट लावली. नाशिकहून ओझरचा विमानतळ गाठायचा होता, आणि माझ्या नाकावर राग तसाही कायमच असतो.

"सॉरी हं... मी सहादू. हरसूलचा. चार दिवस तुमचं काम टिपायचंय. कंपनीची परवानगी आहे."

"सहादू? हे तर आजोबांचं नाव!"

"आजोबांचंच. ते गेले आन् आठवड्यात मी जन्मलो. नाव परत मागायला तेच उरले नव्हते."

मला हसू फुटलं. सतरा दिवसांत पहिल्यांदाच.

सतरा दिवसांपूर्वी माझे पप्पा गेले होते. तेरावं उरकून मी लगेच ड्युटीवर आले. पिंपळगावला आईजवळ बसलं की दोघी रडायचो. विमानात रडायला सवडच नव्हती. उड्डाणाआधी ॲपवर 'मी फिट आहे' अशी खूण करावी लागते. डोळ्याला डोळा लागत नव्हता, तरी मी रोज ती खूण खुशाल करत होते.

सहादू भलतंच काहीतरी टिपायचा. पडद्याआड उभ्याउभ्या पोळीभाजीचा घास कोंबणारी मी. गरम पाण्याने पोळलेलं बोट. टाचेवरची पट्टी.

"थोडं हसू का?" मी एकदा विचारलंच.

"नको... तसं तर तुम्ही दारात सगळ्यांकडे बघून हसता."

"मग तुम्हाला वेगळं द्यायचं?"

तो लाजून लेन्स पुसत बसला. बाई गं, तृप्ती, काय चाललंय तुझं!

चौथ्या दिवशी हैदराबादहून परत निघालो. उड्डाणाआधी आम्ही प्रवाशांकडे तोंड करून आमच्या घडीच्या सीटवर बसतो, हात मांड्यांखाली घेतो आणि अर्धं मिनिट मनातल्या मनात उजळणी करतो — आग लागली तर कुठलं दार, आधी काय बघायचं, काय ओरडायचं. लोकांना वाटतं, पोरगी देवाचं नाव घेतेय. सहादू समोर पहिल्याच रांगेत होता. त्याने फोटो काढला.

विमान वर गेल्यावर तो पडद्याशी आला. कॅमेरा माझ्यापुढे धरला.

"प्रदर्शनात लागला तर हा फोटो माझं नाव करील," तो हळूच म्हणाला. "पण... तुम्ही तेव्हा होतात कुठे?"

मी फोटो पाहिला आणि ते अर्धं मिनिट पुन्हा डोळ्यांसमोर आलं. उजळणीत दार आठवलं होतं. पुढचं काहीच नाही! दवाखान्यात न्यायला पप्पांना टेंपोत घातलं, तेव्हा फळीबाहेर लोंबकळणारे त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

मी त्याला सगळं सांगून टाकलं. खोट्या खुणेचंसुद्धा.

"हे कळलं तर माझी नोकरी जाईल, सहादू."

"माझ्याकडून नाही कळणार. घ्या, तुमच्या हाताने पुसा."

मी पुसला. पण पडद्यापलीकडे दीडशे माणसं आमच्या भरवशावर निवांत बसली होती, एकीच्या मांडीवर तान्हं बाळ झोपलं होतं. ते कसं पुसणार?

मी तिथेच आमच्या सीनियर वेदिका मॅडमना गाठलं. "मॅडम, मी फिट नाही. कामावर आल्यापासून रोज खोटं बोलले."

त्यांनी माझी सीट दुसरीला दिली. ओझरला उतरताना मी प्रवाशासारखी, सहादूच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसले होते. चौकशी होणार होती. नोकरीचं सांगता येत नाही, असं मॅडम स्पष्टच म्हणाल्या.

"लय भीती वाटतेय?" त्याने विचारलं.

"हो. आणि अजून एक सांगते, नाहीतर उद्या धीर व्हायचा नाही. तुम्ही मला आवडता. खूप आवडता."

त्याने कॅमेऱ्याची बॅग बंद केली. मग म्हणाला, "मी तर पहिल्याच दिवशी... पण तुमच्या डोळ्यांत इतकं दुःख होतं, की बोलणं बरं दिसलं नसतं."

बाहेर त्याची बाईक उभी होती, त्या दिवशी तो आमच्या गाडीऐवजी तिच्यावरच आला होता. "पिंपळगावला सोडतो. आईंजवळ राहा थोडे दिवस."

"आईला काय सांगू, कोण आलंय म्हणून?"

"खरं तेच सांगा."

मी मागे बसले, त्याच्या पाठीला डोकं टेकवलं आणि पिंपळगाव येईपर्यंत पप्पांसाठी पोटभर रडले.