कोनाड्यातला कप

"आगं, तिचा कप कुठं गेला?" बनुबाईंनी शेजारच्या धोंडुबाईच्या कानाला लागून विचारलं. "गोठ्यातल्या कोनाड्यात उपडा असतो की. आज बारशाच्या दिवशीच नेमका..."

बनुबाईंना वाटलं, आपण कुजबुजतोय. सोप्याच्या कडेला पोत्यावर बसलेल्या एस्तेरला मात्र शब्दन् शब्द ऐकू आला. तिनं पातळाचा काठ उगाच नीट केला आणि मनातल्या मनात येशूला चार शब्द सुनावले. अलीकडे ती प्रार्थना कमी आणि भांडण जास्त करायची.

भांडेल नाही तर काय? कोरेगावच्या अंगाच्या या गावात दवाखान्याची नर्स म्हणून येऊन तिला वर्ष होत आलं होतं. अडलेल्या बायका तिनं याच हातांनी मोकळ्या केल्या. कळा सुरू झाल्या की ती "आमच्या नर्सबाई". बाळ रडलं, की सोप्याची कड, कान तुटलेला कप, आणि जाताना तो स्वतःच विसळून कोनाड्यात उपडा घालायचा. ऑगस्टात चावडीवर स्वराज्याचा झेंडा लागला, आता सगळे सारखे असं भाषण झालं, साखर वाटली. सगळ्यांच्या हातावर ठेवली. एस्तेरच्या हातावर वरून टाकली.

का, ते कुणी बोलायचं नाही. "येसूवाल्या हायती त्या" एवढंच. साताऱ्याला त्यांच्या चर्चमध्येसुद्धा कोण कुठल्या वस्तीतून आलं, हे कुणी तोंडावर आणत नसे. तिचे वडील तिथे पाळक. ते म्हणायचे, सोस बाळ, प्रभूनं सोसलं. ती म्हणायची, बाबा, प्रभूनं विहिरीवर विटाळाची मानलेल्या शोमरोनी बाईकडं तिच्याच घागरीतलं पाणी मागितलं, वेगळं भांडं नाही मागितलं. मग वडील बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

आणि एवढ्या रागात हा सयाजी कुठून उपटला, कोण जाणे.

सयाजी बनुबाईंचा मुलगा. पलटणीतून सुटून दिवाळीला घरी आलेला. स्टेशनच्या रस्त्यावर एका संध्याकाळी एक सायकल तिच्या शेजारी येऊन हळू झाली. गुऱ्हाळाचा गोड धूर रस्त्यावर उतरला होता.

"बाई, तुमी नका बसू. पिशवी तर बसू द्या."

"पिशवी पुढे गेली आणि मी मागे राहिले, तर बाळंतिणीनं काय करायचं?"

"मग दोघी बसा."

ती बसली नाही. पण हसली... आणि तोही उतरून गावापर्यंत सायकल ढकलत चालला. मग कधी ओढ्याजवळ, कधी दवाखान्याच्या दारात तो भेटत गेला. एकदा त्यानं विचारलं, तुमच्या देवळात आमच्यासारख्याला बसू देतात का? देतात, पण गप्प बसावं लागतं, ती म्हणाली. "मग अवघड हाय," तो म्हणाला, आणि तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला, की तिनं रिकामीच पिशवी उघडून बंद केली.

ती कोण, कुठल्या वस्तीतली, हे त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. एकदा कळलं, की ते डोळे गावच्या डोळ्यांसारखे होतील... या भीतीनं ती गप्प होती. म्हणजे गावासारखीच गप्प. याचा राग तर सगळ्यात जास्त.

तेवढ्यात गोठ्याकडून सयाजी आला. पाहुण्यांत कपबश्या संपल्या होत्या. मागच्या चुलीवरच्या पातेल्यातला चहा त्यानं कोनाड्यात सापडलेल्या कपात ओतून घेतला होता. भुरका मारत तो सोप्यावर चढला. कपाला कान नव्हता.

बायकांच्या माना तिकडे वळल्या.

"ठेव त्यो," बनुबाई म्हणाल्या.

"का?"

फुटका आहे, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, गोठ्यातला आहे. धोंडुबाईनं पाळण्याची दोरी धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. सयाजी एकेकीकडे बघत राहिला. एस्तेरला गप्प बसता आलं असतं. कप खाली गेला असता, चार गाणी झाली असती, उद्या ओढ्याजवळ सायकल हळू झाली असती.

ती उठून उभी राहिली.

"सयाजीराव, तो माझा कप आहे. माझे आजोबा महार होते. म्हणून तो वेगळा. येशूचं नाव नुसतं पुढं करतात."

सयाजीनं कपात पाहिलं. मग तिच्याकडे. त्याची नजर बदलायची ती वाट बघत राहिली... ती बदलली नाही. त्यानं उरलेला चहा सावकाश संपवला.

"रविवारी किती वाजता बसायचं तुमच्या देवळात?" तो म्हणाला. "ह्या रविवारी. अन् म्होरच्या. अन् त्याच्या म्होरच्याबी. गप बसाय शिकतो मी."

तिनं होकारार्थी मान हलवली.

"सयाजी," बनुबाईंनी पदर तोंडाला लावला, "हिच्या हातचं आजवर ह्या घरात कुणी घेतलं न्हाई रं."

बाळंतिणीच्या खोलीच्या दारात सयाजीची बहीण रंगूबाई बाळाला उराशी धरून उभी होती. कधीपासून, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"घेतलंय की, आई," ती म्हणाली. "ह्ये लेकरू मी हिच्याच हातातनं घेतलं. आता ह्याला कुठल्या कोनाड्यात उपडं घालतीस?"